सेल्युलोजला धरून ठेवणारी जिवाणूंची प्रथिने : रचना, वर्तन आणि उपयोग

रेणुवेध (धागाकर्ता)

सेल्युलोजच्या विघटनाचा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा साखळी तोडणाऱ्या विकरांभोवतीच फिरते. या धाग्यात मला त्या विकरांना जोडून असलेल्या, स्वतः एकही बंध न तोडणाऱ्या भागाबद्दल लिहायचे आहे. हा भाग सेल्युलोजला चिकटतो आणि विकराला तिथे टिकवून धरतो. अनेक वर्षे त्याला 'सेल्युलोज-बाइंडिंग डोमेन' म्हणत. पुढे झायलान, मॅनान, कायटिन अशा इतर शर्करांना धरणारे भागही सापडत गेले आणि सर्वांना मिळून 'कार्बोहायड्रेट-बाइंडिंग मॉड्यूल', म्हणजेच सीबीएम, हे नाव रूढ झाले. अमिनो आम्लांच्या क्रमातील साम्यावरून आज त्यांची शंभराच्या घरात कुळे नोंदलेली आहेत. एखाद्या सीबीएमची योग्यता ठरवताना ते किती घट्ट धरते हे आपण आधी पाहतो; त्याआधी ते सेल्युलोजचा कोणता पृष्ठभाग ओळखते हे पाहायला हवे, असे माझे मत आहे आणि खालील सगळे विवेचन त्याच अंगाने केले आहे.

प्रथम सेल्युलोजची अडचण समजून घेऊ. ग्लुकोजची एकके बीटा-१,४ बंधाने जोडली जातात आणि प्रत्येक एकक शेजारच्या एककाच्या तुलनेत १८० अंशांत फिरलेले असते. त्यामुळे साखळीत एकाच रचनेची पुनरावृत्ती दोन ग्लुकोजनंतर, म्हणजे सुमारे १.०४ नॅनोमीटर अंतरावर होते. अशा सरळ साखळ्या शेजारी-शेजारी हायड्रोजन बंधांनी बांधल्या जाऊन पत्रे तयार होतात आणि पत्रे एकमेकांवर रचले जाऊन स्फटिक तयार होतो. स्फटिकाच्या आत पाण्यालाही सहजी शिरकाव नसतो, मग विकराची काय कथा! विकर पाण्यात विरघळलेले आणि त्याचे खाद्य मात्र घन, अशी ही परिस्थिती आहे. म्हणून विकराने तंतूच्या पृष्ठभागाशी टिकून राहणे हे पहिले काम ठरते.

हे काम करणारा भाग वेगळा असतो हे १९८० च्या दशकात उघड झाले. ट्रायकोडर्मा या बुरशीच्या सेल्युलेजवर प्रथिन कापणाऱ्या विकराची प्रक्रिया केली असता त्याचे दोन तुकडे झाले. मोठा तुकडा विद्राव्य पदार्थांवर पूर्ववत काम करत होता, परंतु स्फटिकी सेल्युलोजवर त्याचे काम मंदावले होते. त्याच सुमारास व्हँकुव्हर येथील गटाने सेल्युलोमोनास फिमी या जिवाणूच्या दोन विकरांमध्ये हीच मांडणी दाखवली. या जिवाणूच्या विकरांत क्रियाशील भाग आणि बंधक भाग यांच्यामध्ये प्रोलिन व थ्रिओनिन यांची आलटून-पालटून आलेली, वीस-बावीस अमिनो आम्लांची लवचिक जोडपट्टी असते आणि प्रथिन नेमके तिथेच कापले जाते. एका विकरात बंधक भाग सुरुवातीला आहे, तर दुसऱ्यात शेवटी. जागा बदलली तरी काम तेच राहते, यावरून हा भाग स्वतंत्रपणे घडी घालून उभा राहू शकतो हे स्पष्ट झाले. पुढे जे उपयोग निघाले त्या सर्वांचा पाया हाच स्वतंत्रपणा आहे.

आता एक रचना जवळून पाहू. क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलम या उष्णताप्रिय जिवाणूच्या सिप-ए या प्रथिनातील तिसऱ्या कुळाच्या सीबीएमची स्फटिकरचना १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे दीडशे अमिनो आम्लांचा हा भाग नऊ बीटा-पट्ट्यांचा आहे. त्या पट्ट्या समोरासमोरच्या दोन पत्र्यांत मांडलेल्या आहेत आणि घडी स्थिर ठेवण्यासाठी एक कॅल्शियमचा आयन धरलेला आहे. यातील एक बाजू चक्क सपाट आहे. एरवी प्रथिनांचे बंधस्थान म्हटले की खाच किंवा कपार असते. येथे मात्र सपाट पृष्ठभागावर एका ओळीत ट्रिप्टोफॅन, टायरोसिन आणि हिस्टिडिन यांची वलये आडवी पडलेली आहेत आणि त्याच ओळीत अ‍ॅस्पार्टिक आम्ल व आर्जिनिन यांची विद्युतभारांनी जुळलेली जोडी वलयासारखीच चपटी बसलेली आहे. ही ओळ सेल्युलोजच्या एका साखळीवर लांबीच्या दिशेने टेकते, तर त्याच पृष्ठभागावरची सेरिन, अ‍ॅस्पराजिन, ग्लुटामिन अशी ध्रुवीय अमिनो आम्ले शेजारच्या साखळ्यांना हायड्रोजन बंधांनी नांगर टाकतात, असे प्रारूप त्या वेळी मांडले गेले. सेल्युलोमोनासच्या दुसऱ्या कुळातील सीबीएममध्ये हेच काम सपाट बाजूवरील तीन ट्रिप्टोफॅन करतात. दोन्ही घड्यांचा आराखडा बीटा-पट्ट्यांचाच आहे, परंतु क्रमात फारसे साम्य नाही. स्फटिकाचा पृष्ठभाग सपाट असल्यामुळे वेगवेगळ्या कुळांना सपाट उत्तरच शोधावे लागले, असे मला वाटते.

साधा_वाचक

विषय आवडला. एक मूलभूत शंका आहे. ग्लुकोजवर हायड्रॉक्सिल गट भरपूर असतात, त्यामुळे सेल्युलोज पाण्याशी जवळीक साधणारे असायला हवे. ट्रिप्टोफॅनचे वलय तर पाणी टाळणारे आहे. मग या दोघांचे जुळते कसे? आणि भोवती पाणीच पाणी असताना प्रथिनाने पाणी सोडून सेल्युलोजला का धरावे?

रेणुवेध

ग्लुकोजच्या वलयाकडे बाजूने पाहिल्यास उत्तर सापडते. बीटा-ग्लुकोजमध्ये सगळे हायड्रॉक्सिल गट वलयाच्या कडेने, बाहेरच्या दिशेला पसरलेले असतात. वलयाच्या वर आणि खाली मात्र केवळ कार्बनला जोडलेले हायड्रोजन डोकावतात. म्हणजे कडा पाणीप्रिय आणि वरची-खालची तबकडी पाणी टाळणारी, अशी ही रचना आहे. पत्र्यात साखळ्या कडेने एकमेकींना बांधलेल्या असल्यामुळे हायड्रॉक्सिल गटांची मोठी संख्या त्यातच गुंतते आणि पत्र्याची तबकडीची बाजू जिथे उघडी पडते, तिथे ट्रिप्टोफॅनचे वलय साखरेच्या वलयावर समांतर टेकू शकते. हे टेकणे कार्बन-हायड्रोजन बंध आणि वलयातील पाय-इलेक्ट्रॉन यांच्या आकर्षणावर उभे आहे. ओळीतील वलयांचे अंतर साखळीच्या पुनरावृत्तीशी जुळते, त्यामुळे ती साधारणपणे एकाआड एक ग्लुकोजवर बसतात.

स्फटिकाचा हा पाणी टाळणारा पृष्ठभाग एकूण पृष्ठभागाच्या मानाने फार थोडा असतो, स्फटिकाच्या कोपऱ्यांची धार बोथट झाल्यासारखी जिथे असते तिथेच. व्हॅलोनिया या शैवालाच्या मोठ्या स्फटिकांवर सीबीएमच्या जागा सोन्याच्या सूक्ष्म कणांनी खुणावून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या गेल्या, तेव्हा पहिल्या आणि तिसऱ्या कुळातील सीबीएम नेमकी याच अरुंद पट्टीवर रांगेने बसलेली दिसली. हे काम २००३ मधले आहे आणि या विषयातला सर्वांत बोलका पुरावा म्हणून मी आजही त्याचाच उल्लेख करतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाण्यातच आहे. सेल्युलोमोनासच्या दुसऱ्या कुळातील सीबीएम स्फटिकी सेल्युलोजला चिकटताना किती उष्णता बाहेर पडते हे कॅलरीमापनाने मोजले गेले, तेव्हा उष्णतेचा वाटा लहान आणि एंट्रॉपीचा वाटा मोठा निघाला. दोन्ही सपाट पृष्ठभागांवर पाण्याचे रेणू शिस्तीत बसलेले असतात. पृष्ठभाग एकमेकांवर टेकले की ते रेणू मोकळे होतात आणि त्या मोकळिकीमुळे बंधन अनुकूल ठरते. प्रथिन पाणी सोडून सेल्युलोजकडे जाते यापेक्षा, पाण्याला त्या दोघांपासून सुटायचे असते असे म्हणणे वस्तुस्थितीच्या अधिक जवळचे आहे.

स्फटिकमित्र

वरील विवेचन ज्याला 'ए' प्रकार म्हणतात त्याबद्दलचे आहे. चित्र पुरे व्हावे म्हणून इतर दोन प्रकारांची नोंद करतो, कारण उपयोगाच्या वेळी गफलत येथेच होते.

'बी' प्रकारातील सीबीएमना सपाट बाजू नसते; त्यांना खाच असते आणि तीत एकेकटी सुटी साखळी आडवी बसते. सेल्युलोमोनासच्या सेन-सी या विकरातील चौथ्या कुळाचे सीबीएम हे याचे ठळक उदाहरण. ते स्फटिकाकडे दुर्लक्ष करते आणि अस्फटिकी सेल्युलोजला व विद्राव्य लहान साखळ्यांनाही धरते. येथे ऊर्जेचा हिशेब उलटा आहे : हायड्रोजन बंधांमुळे उष्णता बाहेर पडते आणि मोकळी साखळी जखडली गेल्यामुळे एंट्रॉपीचा तोटा होतो. 'सी' प्रकारातील सीबीएम साखळीचे टोक किंवा एक-दोन साखरा एवढेच ओळखतात. थर्मोटोगा मॅरिटिमा या जिवाणूच्या झायलानेजमधील नवव्या कुळाचे सीबीएम साखळीच्या क्षपणकारी टोकाला दोन ट्रिप्टोफॅनांच्या मधोमध पकडते. अस्फटिकी सेल्युलोजही सर्वत्र सारखे नसते, हेही येथे सांगायला हवे. सतराव्या आणि अठ्ठाविसाव्या कुळांची सीबीएम दोन्ही 'बी' प्रकारची असूनही अस्फटिकी सेल्युलोजच्या वेगवेगळ्या जागा धरतात आणि एकमेकांशी स्पर्धा करत नाहीत.

धागाकर्त्यांच्या मुख्य मुद्द्याला बळ देणारा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. सेल्युलोमोनासच्याच एका झायलानेजमध्ये दुसऱ्या कुळाचे असे सीबीएम आहे, जे सेल्युलोजऐवजी झायलान धरते. त्यात एका आर्जिनिनमुळे बंधस्थानातील एक ट्रिप्टोफॅन दुसऱ्याशी काटकोनात उभे राहते, आणि झायलानची साखळी स्वतःभोवती पिळलेली असल्यामुळे तिला तीच मांडणी मानवते. त्या आर्जिनिनच्या जागी ग्लायसिन घातल्यावर ट्रिप्टोफॅनचे वलय आडवे पडले, दोन्ही वलये एका पातळीत आली आणि ते प्रथिन झायलान सोडून सेल्युलोज धरू लागले! एका अमिनो आम्लाच्या फरकाने प्रथिनाने कोणती शर्करा ओळखायची हेच बदलले.

आणखी एक गोष्ट. 'ए' प्रकारचे सीबीएम एकदा चिकटले की केवळ द्रावण पातळ करून सुटत नाही, म्हणून ते जागच्या जागी खिळते असा समज होतो. प्रत्यक्षात चमकणारा रंग लावलेली सीबीएम स्फटिकावर बसवून, लेसरने एका ठिपक्यातील चमक घालवली, तर काही वेळाने शेजारची चमकणारी सीबीएम त्या ठिपक्यात सरकत येतात. म्हणजे पृष्ठभाग न सोडता ती त्यावर फिरू शकतात. विकरासाठी हे फार महत्त्वाचे आहे, कारण बंधन कायम ठेवूनही त्याला पुढच्या जागेवर जाता येते.

प्रयोगवही

मी प्रयोगशाळेत या प्रथिनांचा उपयोग मुख्यतः शुद्धीकरणासाठी करते, त्यामुळे त्याच बाजूने लिहिते.

पद्धत सोपी आहे. हव्या त्या प्रथिनाच्या जनुकाला सीबीएमचे जनुक जोडून ते ई. कोलायमध्ये तयार करून घ्यायचे, पेशी फोडायच्या आणि तो सगळा काढा सेल्युलोजच्या भुकटीत मिसळायचा. थोडा वेळ हलवत ठेवून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले की भुकटी तळाशी बसते. वरचे द्रव, धुतल्यानंतरचे द्रव आणि भुकटीला चिकटून राहिलेले, असे तिन्ही नमुने शेजारी-शेजारी जेलवर चालवले की निकाल डोळ्यांना दिसतो : पहिल्या रकान्यात जिवाणूच्या शेकडो प्रथिनांची शिडी असते, परंतु आपल्या प्रथिनाच्या उंचीवरची पट्टी फिकट झालेली असते, तिसऱ्या रकान्यात तीच एक पट्टी ठळक, बाकी जवळजवळ कोरे. ई. कोलायच्या स्वतःच्या प्रथिनांना सेल्युलोजचे आकर्षण नसल्यामुळे ही स्वच्छता मिळते. शिवाय स्तंभात भरण्याचा पदार्थ सेल्युलोजच असल्याने तो स्वस्त, निरुपद्रवी आणि विविध आकारांत उपलब्ध असतो. क्लॉस्ट्रिडियम सेल्युलोव्होरान्सच्या सीबीपी-ए या प्रथिनातील आणि सेल्युलोमोनासच्या विकरांतील बंधक भाग याच कामासाठी तयार वाहक प्लास्मिडांमध्ये बसवले गेले.

कसोटी लागते ती सोडवून घेण्याच्या वेळी. 'ए' प्रकारचे सीबीएम सोडवण्यासाठी एथिलीन ग्लायकॉल किंवा ग्वानिडिन यांसारखे उपाय करावे लागतात आणि ग्वानिडिनने आपले नाजूक प्रथिन उलगडले तर शुद्धीकरणाचा हेतूच हरवतो. यावर दोन चांगले मार्ग आहेत. एक म्हणजे दोन भागांच्या मध्ये स्वतःला कापून घेणारे इंटिन ठेवणे. आम्लता बदलली की आपले प्रथिन सुटून येते आणि सीबीएम सेल्युलोजवरच राहते. दुसरा मार्ग वर उल्लेखलेल्या थर्मोटोगाच्या नवव्या कुळाच्या सीबीएमचा. ते साखळीचे टोक ओळखत असल्यामुळे १ मोलर ग्लुकोजच्या द्रावणानेच सुटते. घट्ट धरण्याची शक्ती कमी असलेले सीबीएम येथे जास्त उपयोगी ठरते, हे धागाकर्त्यांच्या म्हणण्याला धरूनच आहे.

सेल्युलोजची निवडही विचारपूर्वक करावी. सूक्ष्मस्फटिकी भुकटीचे बहुतेक पृष्ठ प्रथिनाला पोहोचता येण्याजोगे नसते. तीच भुकटी फॉस्फोरिक आम्लात विरघळवून पुन्हा पाण्यात आणली की फुगलेले, अस्फटिकी सेल्युलोज मिळते आणि त्यावर तिसऱ्या कुळाचे सीबीएम जोडलेले प्रथिन कितीतरी अधिक बसते.

तंतुविचार

वस्त्रप्रक्रियेत या बंधक भागाचा अनुभव दुहेरी आहे. डेनिमला जुनेपणाची छटा देण्यासाठी सेल्युलेज वापरतात. विकर पृष्ठभागावरचे तंतू सैल करते आणि त्यासोबत इंडिगोचे कण निघून जातात. परंतु इंडिगोला प्रथिनांची ओढ आहे. सीबीएममुळे विकर कापडावर टिकून राहिले, तर निघालेला रंग त्या विकराला धरून पुन्हा कापडावर, विशेषतः आतल्या पांढऱ्या बाजूवर बसतो. बंधक भाग काढून टाकलेल्या सेल्युलेजमध्ये हा दोष कमी आढळतो. म्हणजे या कामात सीबीएम असणे हाच अडथळा ठरू शकतो.

दुसरीकडे, बंधक भागाचा स्वतःचा परिणामही आहे. १९९१ मध्ये व्हँकुव्हरच्या गटाने सेन-ए या विकराचा क्रियाशील भाग वगळून फक्त बंधक भाग तंतूंवर लावला, तर तंतूंचा पृष्ठभाग खडबडीत झाला आणि बारीक कण सुटले, परंतु साखर मात्र तयार झाली नाही. एकही बंध न तोडता तंतूवर परिणाम होऊ शकतो, ही कल्पना तेव्हा नवीन होती. कागदनिर्मितीत दोन सीबीएम पाठीला पाठ लावून जोडलेल्या प्रथिनाने शेजारच्या तंतूंना एकमेकांशी बांधून कागदाची मजबुती वाढवण्याचे प्रयोगही झालेले आहेत.

मीमांसक

चर्चा माहितीपूर्ण आहे, परंतु सीबीएमला फार मोठे स्थान दिले जात आहे असे मला वाटते. उद्योगात जैवभाराचे विघटन पातळ द्रावणात होत नाही. बुरशीच्या सेल्युलेजवर झालेल्या कामात असे दिसले की घनभार, म्हणजे मिश्रणातील घन पदार्थाचे प्रमाण, १ टक्क्याच्या आसपास असताना सीबीएम काढल्यास विघटन बरेच घटते, पण घनभार २० टक्क्यांपर्यंत नेला की तो फरक जवळजवळ नाहीसा होतो. पाणीच कमी असेल तर विकर सेल्युलोजपासून दूर जाणार तरी कुठे? शिवाय प्रत्यक्षातील जैवभारात लिग्निन असते. सपाट, पाणी टाळणारी बाजू लिग्निनलाही चिकटते आणि विकर तिथेच अडकून पडते. मग सीबीएम हे उत्क्रांतीने पातळ द्रावणासाठी शोधलेले साधन आहे आणि कारखान्यात त्याची गरज नाही, असे का म्हणू नये?

रेणुवेध

मुद्दा महत्त्वाचा आहे आणि जवळ आणून ठेवणे एवढेच सीबीएमचे काम असते, तर मी तो पूर्णपणे मान्य केला असता. जास्त घनभारात सीबीएम नसलेली विकरे द्रवातच राहतात आणि काम संपल्यावर परत वापरता येतात, हा त्यांचा खरा फायदाही आहे. लिग्निनबद्दलही आपले म्हणणे बरोबर आहे.

परंतु सर्वच सीबीएमचे काम केवळ सान्निध्य राखण्याचे नसते. थर्मोबिफिडा फुस्का या जिवाणूच्या नवव्या कुळातील (हे क्रियाशील भागाचे कूळ, सीबीएमचे नव्हे) सेल्युलेजची रचना १९९७ मध्ये समोर आली. त्यात क्रियाशील भागाला लागून तिसऱ्या कुळाचे 'सी' उपगटातील सीबीएम आहे (हा उपगट म्हणजे वर आलेला 'सी' प्रकार नव्हे). ते लवचिक पट्टीने लोंबत नाही. क्रियाशील भागाच्या खाचेला अगदी रेषेत, घट्ट बसवलेले आहे. हे सीबीएम स्फटिकाला जोराने धरत नाही, पण साखळीला क्रियाशील खाचेकडे वाट करून देते. ते काढून टाकले की विकर स्फटिकी सेल्युलोजवर निष्प्रभ होते आणि साखळी न सोडता एकापाठोपाठ तुकडे करण्याची त्याची पद्धत हरवते. येथे सीबीएम क्रियेचाच भाग आहे आणि द्रावण दाट करून त्याची भरपाई होण्यासारखी नाही.

कॅल्डिसेल्युलोसिरप्टर बेस्काय या अतिउष्णताप्रिय जिवाणूचे सेल-ए हे विकर याच मांडणीचे मोठे रूप आहे : एका टोकाला नवव्या कुळाचा क्रियाशील भाग, दुसऱ्या टोकाला अठ्ठेचाळिसाव्या कुळाचा, आणि दोहोंमध्ये तिसऱ्या कुळाची तीन सीबीएम, त्यांतील एक वर सांगितलेल्या 'सी' उपगटाचे. २०१३ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली असे दिसले की हे विकर पृष्ठभाग केवळ सोलत नाही, तर त्यात खड्डे खोदत आत शिरते. म्हणून 'सीबीएम हवे की नको' असा सरसकट प्रश्न करण्याऐवजी कोणते सीबीएम, कोणत्या जोडणीने आणि कोणत्या पदार्थावर, असे विचारावे लागते.

स्फटिकमित्र

मीमांसक यांच्या प्रश्नाला धरून सेल्युलोसोमचे, म्हणजे सेल्युलोज तोडणाऱ्या विकरांच्या संकुलाचे, उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एड बायर आणि राफाएल लामेद हे क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलम सेल्युलोजला कसे चिकटते याचा शोध घेत होते. त्यांचा मूळ प्रश्न विघटनाचा नव्हता, चिकटण्याचा होता. न चिकटणाऱ्या उत्परिवर्तित प्रकाराशी तुलना करून त्यांनी चिकटवणारा घटक वेगळा केला, तेव्हा तो एक प्रथिन न निघता अनेक विकरांचा प्रचंड संकुल निघाला. त्या संकुलाचा कणा म्हणजे धागाकर्त्यांनी उल्लेखलेले सिप-ए. त्यावर नऊ कोहेसिन असतात. प्रत्येक कोहेसिन एका विकराचा डॉकेरिन हा भाग कॅल्शियमच्या साहाय्याने पकडते. एवढ्या सगळ्या विकरांसाठी सेल्युलोज धरणारे सीबीएम मात्र कण्यावर एकच आहे. एका बंधक भागावर सगळा ताफा उभा राहतो.

आणखी एक उदाहरण वेगळ्या कारणासाठी देतो. सेराशिया मार्सेसेन्स हा जिवाणू सीबीपी-२१ नावाचे लहान प्रथिन बाहेर टाकतो. ते कायटिनला चिकटते आणि त्याच्या उपस्थितीत कायटिनेजचे काम वाढते. त्यामुळे त्याला बंधक प्रथिन समजून सीबीएमच्या तेहतिसाव्या कुळात ठेवले गेले. २०१० मध्ये दाखवले गेले की ते धातूच्या आयनाच्या (तो तांब्याचा असतो हे पुढे स्पष्ट झाले) आणि ऑक्सिजनच्या मदतीने साखळी स्वतः तोडते, असे की त्यासाठी साखळी स्फटिकातून उचलण्याची गरजच पडत नाही. लवकरच स्ट्रेप्टोमायसिसमधील त्याचे भाऊबंद सेल्युलोजवर हेच करताना आढळले आणि ते संपूर्ण कूळ सीबीएमच्या यादीतून काढून ऑक्सिडीकारक विकरांच्या यादीत नेण्यात आले. एल्विन रीझ यांनी १९५० मध्येच असे सुचवले होते की स्फटिक आधी सैल करणारा एखादा घटक असावा. त्या घटकाचा मोठा वाटा अनेक वर्षे आपल्यासमोर बंधक प्रथिनाच्या नावाखाली वावरत असावा, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

साधा_वाचक

सीबीएमच्या बाहेरही सेल्युलोज धरणारी प्रथिने जिवाणूंकडे आहेत का?

स्फटिकमित्र

आहेत. कॅल्डिसेल्युलोसिरप्टरच्या काही जातींमध्ये तापिरिन नावाची प्रथिने आढळतात. त्यांची घडी सीबीएमच्या कोणत्याच ज्ञात कुळाशी जुळत नाही, तरी ती सेल्युलोजला घट्ट चिकटतात. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटातील रुमिनोकॉकस अल्बस हा जिवाणू चिकटण्यासाठी पिलाय प्रकारच्या केसांसारख्या तंतूंचीही मदत घेतो. बॅसिलस सबटिलिसचे एक्स्पान्सिनसदृश प्रथिन हा आणखी वेगळा मासला आहे. त्याच्या दुसऱ्या भागात सपाट बाजूवर तीन वलयधारी अमिनो आम्ले ओळीने आहेत, आणि ते प्रथिन काहीही न तोडता वनस्पतीची पेशीभित्तिका सैल करते.

ऊतीविश्व

माझा संबंध या प्रथिनांशी दोन ठिकाणी येतो. पहिले म्हणजे वनस्पतींच्या पेशीभित्तिकांचे निरीक्षण. सेल्युलोजला डागणारे रंग उपलब्ध आहेत, पण ते स्फटिकी आणि अस्फटिकी भाग वेगळे दाखवत नाहीत. चमकणारे प्रथिन जोडलेले 'ए' प्रकारचे एक आणि 'बी' प्रकारचे एक अशी दोन सीबीएम वेगवेगळ्या रंगांत वापरली, तर एकाच छेदात दोन्ही भाग निरनिराळे दिसतात. मात्र पेशीभित्तिकेत पेक्टिन आणि इतर शर्करा सेल्युलोजला झाकून असतात. काही सीबीएमच्या बाबतीत आधी पेक्टिन विकराने काढले की, जिथे काहीच दिसत नव्हते तिथे खूण उमटते. त्यामुळे चमक दिसली नाही म्हणजे सेल्युलोज नाही, असा निष्कर्ष घाईने काढू नये. 'ए' प्रकारातल्याच वेगवेगळ्या कुळांची सीबीएम एकाच छेदात वेगवेगळे चित्र देतात, हेही सिद्ध झालेले आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे कोमागाटाइबॅक्टर या जिवाणूने विणलेले सेल्युलोज. हे जाळे अतिशय शुद्ध, पाणी धरून ठेवणारे आणि मजबूत असते, त्यामुळे जखमेवरील आवरण व ऊतींसाठीचा सांगाडा म्हणून त्याचा अभ्यास होतो. अडचण अशी की प्राण्यांच्या पेशींना त्यावर पाय रोवायला काही सापडत नाही. पेशींच्या ग्राहींना आर्जिनिन-ग्लायसिन-अ‍ॅस्पार्टिक आम्ल हा तीन अमिनो आम्लांचा क्रम ओळखीचा असतो. तो क्रम तिसऱ्या कुळाच्या सीबीएमला जोडून ते प्रथिन जाळ्यावर लावले की फायब्रोब्लास्ट पेशी त्यावर अधिक चांगल्या चिकटतात आणि पसरतात. सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया न करता, पाण्यात आणि सौम्य परिस्थितीत हे साधते, म्हणून मला ही पद्धत फार आश्वासक वाटते.

मीमांसक

सीबीएमच्या सरसकट गरजेबद्दलचा माझा आक्षेप थर्मोबिफिडाच्या उदाहरणाने मर्यादित झाला, हे मान्य करतो. आता एक व्यावहारिक प्रश्न. कागदावर आधारित निदानचाचणीसाठी प्रतिजन ओळखणारे प्रथिन साध्या गाळणकागदावर बसवायचे आहे. त्यासाठी सीबीएम कसे निवडावे?

रेणुवेध

आधी कागदाचा विचार करा. गाळणकागद बहुतांशी कापसाच्या सेल्युलोजचा आणि बराच स्फटिकी असतो, म्हणून 'ए' प्रकार, त्यातही दुसऱ्या 'ए' किंवा तिसऱ्या 'ए' उपकुळातील, हा योग्य आरंभ ठरेल. येथे प्रथिन पुन्हा सोडवायचे नाही, त्यामुळे शुद्धीकरणात जी अडचण होती ती येथे गुण ठरते. सीबीएममुळे प्रथिन एका ठरावीक बाजूने कागदावर बसते. प्रथिन नुसते शोषले गेले तर अनेक रेणू आपली ओळखणारी बाजू खाली करून पडतात आणि निरुपयोगी होतात. मात्र त्यासाठी जोडपट्टी पुरेशी लांब आणि कापली न जाणारी असावी. प्रोलिन-थ्रिओनिनची पट्टी ई. कोलायमध्ये तयार करताना प्रथिन कापणाऱ्या विकरांना बळी पडते, म्हणून ग्लायसिन-सेरिनची पट्टीही करून पाहावी. सीबीएम कोणत्या टोकाला जोडायचे हे आपल्या ओळखणाऱ्या प्रथिनाची सक्रिय बाजू पाहून ठरवा.

प्रयोगवही

यात एक भर घालते. कागदावर प्रथिन लावल्यानंतर उरलेली जागा झाकण्यासाठी सहसा दुसरे प्रथिन वापरतात. ते आपले सीबीएम-प्रथिन कागदावर बसल्यानंतरच घाला. नमुन्याचे द्रव कागदातून वाहताना प्रथिन जागेवर राहते की सरकते, हे चमकणारे प्रथिन जोडलेल्या सीबीएमने आधी तपासून घ्या. वर स्फटिकमित्र यांनी सांगितलेले पृष्ठभागावरचे सरकणे अत्यंत मंद असते, त्यामुळे चाचणीच्या वेळेत रेघ सहसा पसरत नाही. पसरली तर त्याचे कारण बहुतेक वेळा कागदाच्या क्षमतेपेक्षा जास्त प्रथिन लावलेले असते. तेव्हा मात्रा कमी करून पुन्हा पाहावे.